विद्यार्थ्यांची शरीरसंपदा आणि आपली घरे

(समाजमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात जालना येथे दिलेले भाषण)



आज आपण सर्वांनी आधी न्याहारी केली आणि मग सभागृहात येऊन बसलो. आपल्या मंडळाच्या समारंभाचा हा नेहमीचा क्रम नव्हे. प्रथम दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग भाषणे, मग गुणवंतांचा सत्कार आणि सर्वांत शेवटी, घड्याळात एक-दीड वाजून गेल्यावर, अल्पोपाहार, असा आपला आजवरचा परिपाठ होता. या वर्षी कार्यकारिणीने तो उलटा केला. हा बदल कशासाठी, असे सकाळपासून पुष्कळांनी मला विचारले. त्याचे उत्तर देण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडेच सोपविले आहे आणि ते योग्यच आहे; कारण गतवर्षी जो प्रकार घडला, त्यात माझाही वाटा होता.

गतवर्षीच्या समारंभात एका मुलीचे नाव पुकारले गेले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. ती उठली, चार पावले चालली आणि व्यासपीठाच्या पायरीपाशी आली तोच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती मटकन खाली बसली. महिला मंडळाच्या भगिनींनी तिला आतल्या खोलीत नेले, पाणी पाजले, गुळाचा खडा तोंडात दिला. काही वेळाने ती सावरली. विचारपूस केली तेव्हा कळले की, मंठा तालुक्यातील आपल्या खेड्यातून ती पहाटेच निघाली होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि आदला दिवस उपवासाचा होता. आपला कार्यक्रम दहाला सुरू व्हावयाचा, तो अकराला सुरू झाला होता आणि साडेबारा वाजेपर्यंत नुसती भाषणेच चालली होती. त्यांपैकी एक भाषण माझे होते. विषय होता, 'विद्यार्थी आणि परिश्रम'.

पुढे वडिलांनी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम निघाले. वास्तविक प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ते निदान १२ ग्रॅम असावयास हवे, आणि आठाच्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्यास तीव्र रक्तक्षय म्हणते. डॉक्टरांनी तिला विचारले, "जिना चढताना धाप लागते का?" त्यावर ती म्हणाली, "लागते; पण आमच्या वर्गातल्या सगळ्याच मुलींना लागते." ही हकीकत मी तिच्या व तिच्या वडिलांच्या अनुमतीने, नाव न घेता, आपणांस सांगत आहे. तिचे हे वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलेले नाही. जी व्याधी सगळ्यांनाच असते, ती व्याधी आहे असे कोणालाच वाटेनासे होते.

ती मुलगी अतिशयोक्ती करीत नव्हती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळून आला. २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे रस्ते झाले, महाविद्यालये झाली, घरोघरी दूरध्वनी आले, आणि मुलींच्या अंगातील रक्त मात्र कमी झाले. आपण सत्काराच्या वेळी मुलींची टक्केवारी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवतो. ही टक्केवारीही कधीतरी वाचून दाखवली पाहिजे, असे मला वाटते.

हल्ली वडीलधाऱ्या मंडळींच्या बैठकीत तरुण पिढीच्या आरोग्याचा विषय निघाला की दोष सरसकट त्या पिढीच्या माथी मारण्याची प्रथा आहे. मुले आळशी झाली, मुलींना शोभेची हौस फार, सगळे त्या मोबाइलमुळे! मीही असे पुष्कळ बोललो आहे. परंतु त्या प्रसंगानंतर महिला मंडळाच्या दोघी भगिनी आणि मी, असे आम्ही तिघे आपल्या समाजातील महाविद्यालयीन मुलामुलींच्या घरी गेलो, त्यांच्या आयांशी बोललो, एकदा तर सकाळी बसस्थानकावर जाऊन उभे राहिलो. तेव्हा माझे मत बदलले. तरुणांची प्रकृती बिघडते ती मुख्यतः त्यांच्या दिनक्रमाने, आणि तो दिनक्रम ठरवणारे आपण आहोत. हे मला आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मराठवाड्यातील मुलास पदवी मिळवावयाची तर हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तेथे होते आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९८१ साली आपला जालना जिल्हा वेगळा झाला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कोणत्याही तालुक्यात जा, महाविद्यालय आहेच. ज्ञानगंगा दारी आली. मुलींच्या बाबतीत तर हे मोठेच भाग्य झाले. कारण दूरच्या शहरी ठेवण्यास जे पालक धजत नव्हते, त्यांनीही मुलींना तालुक्याच्या गावी पाठविले. तथापि या भाग्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. विद्यार्थी वसतिगृहातून निघून एस.टी.च्या गाडीत आला. त्याचे गाव तेच राहिले, पाठशाळा वीस-पंचवीस मैलांवर गेली, आणि या दोहोंच्या मध्ये त्याची न्याहारी हरवली.

महाविद्यालयाचे तास पुष्कळ ठिकाणी सकाळी साडेसात-आठला सुरू होतात. त्यासाठी गावातून पहिली गाडी धरावी लागते. घरात चूल पेटलेली असते, नाही असे नाही; पण भाकरी होते ती शेतावर जाणाऱ्यांच्या वेळेने, मुलीच्या गाडीच्या वेळेने नव्हे. आई म्हणते, "थांब, एक भाकर टाकते." मुलगी म्हणते, "गाडी जाईल." ती कपभर चहा घेते आणि निघते. मधल्या सुट्टीत पुन्हा चहा, त्याबरोबर दोन बिस्किटे किंवा वडापाव. तास संपून परतीची गाडी मिळून घरी पोचेपर्यंत तीन-चार वाजतात. म्हणजे आदल्या रात्री आठला जेवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी चारला जेवते. वीस तास! एखादा बैल आपण वीस तास उपाशी ठेवून औताला जुंपला असता, तर गावाने आपणांस नावे ठेवली असती.

बरे, त्या वीस तासांत जो दोनतीनदा चहा होतो, तोही या बाबतीत उपकारक नाही. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाहीत. जेवणाला लागून चहा घेणाऱ्यास भाजी-भाकरीतील लोहाचा पुरता लाभ मिळत नाही. मुलींच्या शरीरातून मासिक धर्मामुळे दरमहा लोह जाते, त्यामुळे त्यांना ते मुलांपेक्षा अधिक लागते. आणि आपल्या घरांतून तर ताटात शेवटी उरेल ते मुलीने व आईने खावयाचे, अशी रीत अद्याप पुरती गेलेली नाही. शाळेत असताना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळत असे. बारावी झाली, पदवीचा वर्ग सुरू झाला, की ती गोळी सुटते. आणि नेमके त्याच वयात पहिल्या गाडीचा प्रवास सुरू होतो.

डबा का नेत नाही, असे मी मुलांना विचारले. कोणी म्हणाले, वेळ नाही. पण एका मुलाने खाली मान घालून खरे सांगितले: भाकरीचा डबा वर्गात उघडावयास लाज वाटते. पोळी असती तर नेला असता. काय विपर्यास पाहा! भारताने मांडलेल्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साऱ्या जगात पाळले. ज्वारी आणि बाजरी यांची थोरवी मोठमोठ्या परिषदांतून गाइली गेली. आणि ज्याच्या शेतात ती पिकते त्याचा मुलगा तिचा डबा दप्तरात लपवतो. बाजरीची भाकरी, तिळाची वा शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी, हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, वर लिंबाची फोड; याहून चांगला डबा कोणत्या शहरात मिळतो ते मला दाखवावे. त्यातली लिंबाची फोड केवळ चवीसाठी नव्हे, बरे का. 'क' जीवनसत्त्व सोबत असले म्हणजे धान्य-भाज्यांतील लोह अधिक शोषले जाते. ज्या घरी अंडी-मांस चालते, त्यांनी तेही मुलींच्या ताटात आधी वाढावे.

'क' जीवनसत्त्वावरून आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीची गोष्ट निघणे अपरिहार्य आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दूरदूरच्या बाजारपेठांत आपली मोसंबी जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा वाळल्या तेव्हा टँकरने पाणी घालून ती झाडे जगवण्यासाठी आपल्यापैकी कित्येकांनी कर्ज काढले, हे मी सांगावयास नको. आता त्याच बागाईतदाराचा मुलगा बसस्थानकावर मोसंबीचे चित्र असलेली रंगीत पाण्याची बाटली विकत घेतो, तेव्हा मला हसावे की रडावे कळत नाही. अशा गोड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारणपणे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर माणसे मधुमेही आहेत आणि तेरा कोटींवर त्याच्या उंबरठ्यावर. हा रोग पूर्वी पन्नाशीनंतरचा, पेढीवर बसणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाई. आता तो तिशीतील माणसास गाठतो, आणि त्याची पेरणी महाविद्यालयाच्या दिवसांत होते.

आता एक विषय मला थोड्या संकोचाने काढावा लागणार आहे. पण महिला मंडळाच्या भगिनींचा आग्रह आहे की तो पुरुषाने, आणि तोही भर सभेत, काढावा. आमच्या चौकशीत असे आढळले की पुष्कळ मुली सकाळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणीच पीत नाहीत. कारण विचारले तर उत्तर एकच: जावयाचे कोठे? बसस्थानकावरील स्वच्छतागृहाची अवस्था अशी की पाऊल टाकवत नाही. महाविद्यालयात असले तर पाणी नाही, पाणी असले तर कडी नाही. म्हणून तहान मारून बसणे हा त्यांनी काढलेला मार्ग. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि परीक्षा त्याच सुमारास असतात. पाणी न पिण्याने आणि लघवी तासन्‌तास रोखून धरण्याने मूत्रमार्गाचे विकार जडतात, डोके दुखते, लक्ष लागत नाही. मुलगी हे घरी सांगत नाही. सांगितलेच तर आईला, आणि आई वडिलांना सांगत नाही. म्हणून वडिलांनाच मी येथे विचारतो. प्रवेशाच्या वेळी आपण महाविद्यालयात जातो, शुल्क भरतो, निकालाची चौकशी करतो. मुलीच्या महाविद्यालयातील स्वच्छतागृहाची चौकशी आपणांपैकी किती जणांनी केली आहे? चार पालकांनी मिळून प्राचार्यांना भेटून नम्रपणे विचारले, तर कडी बसावयास आठ दिवसही लागत नाहीत. एका ठिकाणी आमचा अनुभव तसा आहे.

आता मुलांकडे वळतो. मुलांपैकी जे पोलीस भरतीच्या मागे आहेत, त्यांची शरीरे पाहून समाधान वाटते. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी त्यांना रस्त्याच्या कडेने धावताना पाहिले असेल. त्यांना १६०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. मुलींना ८०० मीटर. आता पुष्कळ मुलीही पहाटे धावतात, हे दृश्य माझ्या तरुणपणी स्वप्नातही नव्हते. पण यात एक उणीव आहे. भरती झाली किंवा वयोमर्यादा उलटली की धावणे बंद. व्यायाम हाही परीक्षेचा एक विषय झाला आहे. गुण मिळाले, वही मिटली. आणि ज्याला भरतीस जावयाचे नाही, तो मुळीच धावत नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातील जांब या गावी झाला. गावोगाव मारुतीची स्थापना करून त्यांनी तरुणांना बलोपासनेस लावले, हे आपण शाळेपासून वाचत आलो. त्या मारुतीपुढे कोणतीही भरती नव्हती. आज आपल्या गावांतील तालमींची काय अवस्था आहे, ते आपण जाणताच. शहरातील नव्या व्यायामशाळांत मुले जातात, ते चांगलेच; परंतु तेथे कोणी सांगितले म्हणून डब्यातील भुकट्या खाऊ नयेत, आणि सुई तर कदापि टोचून घेऊ नये. इतके डाळ-शेंगदाणे ज्या जिल्ह्यात पिकतात, तेथील मुलांनी अशा डब्यासाठी घरून हजारो रुपये मागावेत, हे मला पटत नाही.

तंबाखूविषयी फार बोलत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि दोन्ही गोष्टी कोठे मिळतात हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. मला वाईट वाटते ते याचे की आपल्या मंडळाच्या बैठकीतही चंची फिरते. मुलांनी ते पाहिलेले असते.

झोपेच्या बाबतीत मात्र मला माझाच अपराध आधी कबूल केला पाहिजे. मी शिक्षक होतो. शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्या मुलांना मी पहाटे चारला उठावयास लावीत असे, आणि रात्री बारापर्यंत दिवा जाळणाऱ्या मुलाचे वर्गात कौतुक करीत असे. जो कमी झोपतो तो अधिक शिकतो, अशी माझी ठाम समजूत होती. ती चुकीची होती. दिवसा जे वाचले ते स्मरणात पक्के होण्याचे काम मेंदू झोपेतच करतो, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणास सात ते नऊ तासांची झोप हवी असते. शिवाय तारुण्याच्या आरंभी शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, म्हणजे झोप रात्री उशिरा येते आणि सकाळी उशिरापर्यंत हवीशी वाटते. आपण ज्याला आळस म्हणून झिडकारतो, त्यात काही अंश निसर्गाचा असतो. पहिल्या गाडीने जाणाऱ्या विद्यार्थ्याला निसर्ग उशिरा झोपवतो आणि एस.टी. लवकर उठवते, मधल्या मध्ये झोप कापली जाते. त्यात मोबाइलची भर. डोळ्यांपुढील प्रखर उजेडामुळे, आता रात्र झाली, निजावयास हवे, ही सूचना मेंदूला वेळेवर मिळतच नाही.

माझ्याच घरात माझा नातू महाविद्यालयात शिकतो. एका रात्री दोन वाजता पाणी प्यावयास उठलो, तो त्याच्या पांघरुणाखाली उजेड! मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "आबा, दिवसभर सगळे धावपळीत असतात. माझ्याशी बोलायला मित्र रात्रीच मोकळे होतात." मला उत्तर सुचले नाही. संध्याकाळी आमच्या घरात चार माणसे चार कोपऱ्यांत आपापला मोबाइल घेऊन बसलेली असतात, त्यांत मीही असतो, कीर्तने ऐकत. मग आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून ठरवले की रात्री साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल देवघराशेजारच्या फडताळात जातील, माझा आधी. खरे सांगतो, पहिले आठ दिवस नातवापेक्षा मलाच जड गेले. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात त्याने मला त्याच्या महाविद्यालयाविषयी जे सांगितले, ते मी वर्षभरात ऐकले नव्हते. त्यातच त्याने आपल्या एका सोबत्याविषयी सांगितले. त्या मुलास आपण तीन वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर गौरविले होते. पुढच्या वर्षी त्याचे गुण घटले. तेव्हापासून तो आपल्या समारंभास येत नाही. बोलावले तरी येत नाही, आणि घरीही फारसा बोलत नाही.

मंडळी, येथे थोडे थांबावे लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. या आकड्यामागे कारणे अनेक असतात. एका कारणाकडे बोट दाखवून मोकळे होणे योग्य नव्हे. आपल्या भागातील मुलाच्या मनावर तर घरचे कर्ज, करपलेले पीक, मोठ्या बहिणीचे लग्न असे ओझे असते, आणि त्याने ते कोठे ठेवावे? मन आजारी पडणे हे पोट आजारी पडण्यासारखेच आहे. त्यात घराण्याची बेअब्रू नाही. मुलगा जेवेनासा झाला, निजेनासा झाला, एकलकोंडा झाला, तर त्याला उपदेश न करता त्याच्याजवळ बसावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेलि-मानस' नावाची दूरध्वनी सेवा चालू केली आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आज प्रत्येक विद्यार्थ्याने आणि प्रत्येक आईने लिहून घ्यावा. त्या गुण घटलेल्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. आज तो मागच्या रांगेत बसला आहे की नाही, हे मी पाहणार नाही आणि आपणही पाहू नये.

यातूनच कार्यकारिणीपुढे प्रश्न आला की आपल्या मंडळाचे काम कोणते? वर्षातून एकदा गुण मोजावयाचे आणि ढाली वाटावयाच्या, एवढेच? या बाबतीत इतिहास काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली वसतिगृह काढले आणि पुढे एकामागून एक विविध जाति-धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. खेड्यातील मुलगा शिकत नाही तो बुद्धी नाही म्हणून नव्हे. शहरात त्याला निजावयास जागा आणि खावयास भाकरी नाही म्हणून, हे त्या राजाने ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालविले, तेव्हा मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आपल्यासारखी समाजमंडळे पुष्कळ ठिकाणी उभी राहिली ती याच प्रेरणेने. त्यांनी आधी ताट पाहिले, मग पाटी. आपण कालांतराने ताट विसरलो आणि चकचकीत ढाली आणू लागलो. त्या ढाली पुष्कळ घरांत फडताळावर धूळ खात पडल्या आहेत. आमच्या घरीही दोन आहेत.

म्हणून असे ठरले आहे की यंदापासून ढाली बंद. काही मंडळींना हा निर्णय रुचलेला नाही, मुलांचा उत्साह मावळेल असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. प्रशस्तिपत्र व पुस्तक दिले जाईलच. पण ढालींचे पैसे आणि आपण सर्वांनी दिलेले धान्य यांतून मंडळाच्या कार्यालयात, जे बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे, महाविद्यालये चालू असतील त्या दिवसांत सकाळी सात ते नऊ या वेळात न्याहारी मिळेल. भाकरी किंवा धपाटे, उसळ, ऋतूप्रमाणे फळ. मोसंबी बागवाल्यांनी द्यावी. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि मुलींसाठी कडी असलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह तेथे आहे. त्याची दुरुस्ती गेल्या महिन्यात झाली. विद्यार्थी कोणत्या समाजाचा आहे हे तेथे विचारले जाणार नाही, असेही बहुमताने ठरले. कारण आपल्या मुलीबरोबर गाडीतून उतरलेली तिची मैत्रीण दाराबाहेर उपाशी उभी राहावी, हे शोभणारे नव्हे. मुष्टिफंडाची कल्पना आपल्याला नवी नाही. सुगी झाल्यावर प्रत्येक घरामागे पायलीभर ज्वारी किंवा बाजरी द्यावी, इतकीच मागणी आहे. ज्यांची शेती नाही त्यांनी आठवड्यातून एक सकाळ द्यावी. भाकरी थापणारे हात कमी पडत आहेत, आणि ते हात स्त्रियांचेच असावेत असा काही नियम नाही. मी पिठले करू शकतो.

आणखी एक सूचना करून मी आपली रजा घेतो. शेजारच्या खोलीत रक्त तपासण्याची सोय केली आहे. बोटातून एक थेंब घेतात, दोन मिनिटांत काम होते. मुलींनी जावेच, पण त्यांच्या आधी त्यांच्या आयांनी जावे, आणि मुलांनीही संकोच करू नये. कमी निघाल्यास घाबरण्याचे कारण नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, मात्र त्या महिनेन्‌महिने नेमाने घ्याव्या लागतात आणि चहाबरोबर घ्यावयाच्या नसतात. नावे लिहून घेण्यास गतवर्षीची आपली तीच विद्यार्थिनी बसली आहे. तिचे हिमोग्लोबिन आता अकराच्या वर गेले आहे. बारा व्हावयाचे अजून बाकी आहे.